काठीला कुंकू

हॅमिल्टनच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकाचं घोडं दर वेळी एकाच जागी अडतं. "आणि या आपल्या वसुधाताई. इथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होत्या, शिवाय युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या... म्हणजे मुलांच्याच... टीमच्या हेड कोच होत्या." समोर कागद असतो, त्यावर सगळं नीट लिहिलेलंही असतं. पण मुलांच्या टीमला बाई कोच, तीही ठाण्याची, आणि खेळाचं नाव लॅक्रोस, हे वाचताना आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत असावं. मी त्याला दोष देत नाही. सोळा-सतरा वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभी राहिले, तरी मलाही बऱ्याचदा तसंच वाटायचं.

लॅक्रोस म्हणजे काय, हे मी असं सांगते. हातात काठी, आणि तिच्या टोकाला फुलपाखरं धरायच्या जाळीसारखी जाळी. त्या जाळीत कडक रबराचा चेंडू झेलायचा, तो जाळीतच सांभाळत पळायचं आणि समोरच्या गोलात फेकायचा. दोन्ही बाजूंना दहा-दहा जण. पुरुषांच्या खेळात एकमेकांच्या काठीवर काठी मारायला, खांद्याने ढकलायलाही परवानगी असते, म्हणून डोक्याला हेल्मेट आणि हातात गाद्यांसारखे मोजे. इथपर्यंत लोक माना डोलावतात. मग मी हद्दीचा नियम सांगते, आणि तिथे माणसं गळायला लागतात.

चेंडू बाहेर गेला की ज्याचा शेवटचा हात लागला त्याची चूक, हे सगळ्या खेळांत असतं. आमच्याकडेही एरवी तसंच. पण गोलावर मारलेला फटका हुकून मागच्या रेषेबाहेर गेला, तर तो चेंडू कुणाला मिळतो? त्या क्षणी चेंडूच्या सर्वांत जवळ ज्या टीमचा खेळाडू असेल, त्या टीमला. मारला कुणी, चुकलं कुणाचं, कुणी विचारत नाही. जवळ कोण होतं, एवढंच पंच बघतो. त्यामुळे फटका हुकतोय असं दिसलं की पोरं गोलाकडे पाठ करून मागच्या रेषेकडे जिवाच्या आकांताने धावत सुटतात. शिरीष, म्हणजे माझा नवरा, इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर. सरळ विचार करणारा माणूस. तो म्हणतो, "हा नियम नाही वसुधा, ही भानगड आहे."

मी या भानगडीत पडले ती एका गुडघ्यामुळे. ग्रॅहम नावाचा एक गृहस्थ माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामाला यायचा. तो युनिव्हर्सिटीच्या टीमचा कोच होता. "शनिवारी जरा ये आणि पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांध," म्हणाला. गेले. पुढच्या शनिवारीही गेले. दोन वर्षं पट्ट्या बांधता बांधता मी मैदानाकडे बघत होते, आणि बघताना मला सारखं काहीतरी ओळखीचं दिसत होतं. मग ग्रॅहमला राजधानीत, वेलिंग्टनला, सरकारी नोकरी लागली. जाताना त्याने शिट्टी माझ्या हातात ठेवली. "जस्ट टिल वी फाइंड समवन, वी." शेवटचं 'वी' म्हणजे मी, वसुधा म्हणणं कुणाला जमायचं नाही. तो समवन कुणी शोधला की नाही कोण जाणे. मला तरी कुणी सांगितलं नाही.

ओळखीचं जे दिसत होतं, ते म्हणजे खो-खो. ठाण्यात शाळा-कॉलेजात मी तो जीव तोडून खेळले होते. लॅक्रोसमध्ये समोरचा खेळाडू आपल्या एकाला चकवून निसटला, की शेजारच्याने आपला माणूस सोडून त्याला अडवायला जायचं, आणि शेजारच्याची रिकामी जागा तिसऱ्याने भरायची. आमच्या पोरांना हे जमता जमत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या माणसाला राखणदारासारखा धरून बसायचा. मी त्यांना एका संध्याकाळी ओळीने गवतात उकिडवं बसवलं, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे, आणि तासभर खो-खो खेळवला. समोरचा सुटला की मागच्याने ओरडायचं, "खो!" उठायचं ते त्या क्षणी, विचार करून नाही. त्या हंगामात गोरीपान, लांबलचक पोरं हॅमिल्टनच्या धुक्यात "खो! खो!" करत धावत होती आणि समोरच्या टीमचा कोच पंचाला विचारत होता की ही कुठली भाषा आहे.

पहिल्या वर्षी गमतीही पुष्कळ झाल्या. सामन्याआधी पंच हेड कोचला विचारतो, की तुमच्या सगळ्या खेळाडूंचं साहित्य नियमात बसतंय ना? कोचने हो म्हणायचं. एका पंचाने येऊन हे गंभीरपणे शिरीषला विचारलं. शिरीष बिचारा संत्र्यांच्या फोडींची टोपली घेऊन उभा होता. "आय होप सो," तो म्हणाला. पंच समाधानाने निघून गेला. मी बाजूलाच होते.

आता मुद्द्याचं.

माझ्या वडिलांचं वागळे इस्टेटमध्ये छोटंसं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशिन. खंडेनवमीला सगळं बंद. मशिन घासूनपुसून लख्ख करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि त्या दिवशी अवजाराला कामाला लावायचं नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती आणि नमस्कार. मला यात वावगं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. हेड कोच झाल्यावर पहिल्याच वर्षी खंडेनवमी सरावाच्या दिवशी आली. मी घरून हळदकुंकू घेऊन गेले आणि साहित्याच्या शेडमध्ये काठ्या ओळीने मांडून हळूच एकेकीला बोट लावत होते. तेवढ्यात पोरं आली. मला वाटलं आता हसतील. ती हसली नाहीत, आपल्या काठ्या पुढे करायला लागली. एकाने तर हेल्मेट पुढे केलं. आज सराव नाही, असं मी जाहीर केल्यावर तर ही प्रथा त्यांच्या मनात फारच खोल रुजली. 'स्टिक डे' असं तिचं नाव पडलं. दसऱ्याच्या वेळी इथे वसंत असतो, झेंडू कुठून आणणार? पण मैदानाच्या कडेला कोव्हायची झाडं आहेत, ती नेमकी त्या दिवसांत पिवळीधमक होतात. खाली पडलेली फुलं आम्ही वेचायचो.

हे मी नेहमी एकाच करंड्यातून करायचे. पितळी, छोटासा, झाकणाला पोचा आलेला. आत्याकडून मिळालेला. तो कसा मिळाला, ते पुढे सांगते.

माझ्या शेवटून दुसऱ्या वर्षी इलाय आला. एका सत्रापुरता शिकायला आलेला, अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळचा. लॅक्रोस हा खेळ ज्यांचा मूळचा, त्या तिथल्या मूळनिवासी होदिनोशोनी लोकांपैकी. आम्ही इतकी वर्षं जे घाम गाळून शिकत होतो ते हा पोरगा चालता चालता करायचा. चेंडू त्याच्या जाळीत जाऊन शांत व्हायचा. सरावाच्या पहिल्या दिवशी मी त्याला सूचना द्यायला तोंड उघडलं आणि काय सांगावं ते न सुचून "स्वीट अ‍ॅज" म्हणजे 'झकास', एवढंच म्हटलं. त्याने मात्र खो शिकताना तक्रार केली नाही. कोच म्हणेल ते करायचं, असं त्याचं वळण होतं.

त्याच्याकडे दोन काठ्या होत्या. खेळायची, अ‍ॅल्युमिनियमची, प्लास्टिकच्या डोक्याची, सगळ्यांची असते तशी. दुसरी लाकडाची, हिकरीच्या झाडाची, वाफेवर वाकवलेली, चामड्याची जाळी. ती त्याच्या आजोबांनी केलेली. त्यांच्यात मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची काठी पुरतात. त्यांचा मूळ खेळ हा नुसता खेळ नव्हे, औषध आहे, तो आजारी माणसासाठीही खेळतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की त्याच्या खोलीत एक जुनी काठी आहे.

स्टिक डेला टामा, म्हणजे आमचा माओरी कॅप्टन, त्याला म्हणाला, "कोच काठ्यांना आशीर्वाद देते, तुझ्याही घेऊन ये." इलायने दोन्ही आणल्या. प्लास्टिकची ओळीत मांडली. लाकडाची एका घोंगडीवर बाकाच्या टोकाला, जरा बाजूला ठेवली.

मी ओळीने कुंकू लावत गेले. प्लास्टिक, प्लास्टिक, प्लास्टिक. आणि टोकाला ती. माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमधल्या लाकडी मुठींना हात लागून लागून जशी चमक यायची, तशी चमक होती तिला. इतकी वर्षं मी कारखान्यात साच्यातून काढलेल्या काठ्यांना कुंकू लावत होते, आणि ही तर कुणीतरी हाताने केलेली होती. मी करंडा खाली ठेवला, दोन्ही हातांनी ती उचलली आणि कपाळाला लावली.



"कोच," इलाय म्हणाला, अगदी हळू. "प्लीज पुट इट डाउन."

मी ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. रागाने नव्हे, पोराच्या हातून काही सांडल्यावर होतो तसा. "बायका हात लावत नाहीत," तो म्हणाला. "लाकडाच्या काठीला. प्लास्टिकचं चालतं. ही नाही. मला वाटलं होतं, हिला फक्त इथे आणायचं, हिचाही दिवस आहे म्हणून. मी स्वतः धरणार होतो."

"आय वॉज गोइंग टू टेल यू, कोच," टामा मागून पुटपुटला. "ही टोल्ड मी. मी म्हटलं नंतर सांगू."

"सॉरी," मी म्हटलं. मग विचारलं, "आता काय करायचं?"

"आय डोन्ट नो," इलाय म्हणाला. "घरी असं कुणी करतच नाही. त्यामुळे नंतर काय करतात ते मला माहीत नाही. आजोबांना विचारावं लागेल." त्याने काठी घोंगडीत गुंडाळली आणि तो निघून गेला. सामना शनिवारी होता, वेलिंग्टनशी, अंतिम. पण त्याच्या डोक्यात तेव्हा सामना नव्हता. आजोबांनी दिलेली काठी आपली राहिली की नाही, एवढंच होतं.

घरी आले आणि मला राग आला. खरं सांगते, अपराधी वाटायच्या आधी राग आला. आणि राग का आला हे शिरीषला सांगताना मला करंड्याची गोष्ट सांगावी लागली, जी मी त्याला तीस वर्षांच्या संसारात सांगितलेली नव्हती.

मी तेरा वर्षांची होते. लहानपणापासून खंडेनवमीला मोठ्या लेथला पहिलं कुंकू मी लावायचे, तो माझा मान होता. त्या वर्षी नवा करंडा आणला होता. मी झाकण उघडलं, बोट बुडवलं, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या आत्याच्या कानात सांगितलं की आज सकाळपासून माझी पाळी सुरू झालीय. मला वाटलं होतं तिला सांगायला हवं, एवढंच. आत्या बालविधवा, घरातलं सगळं सोवळं तिच्या हातात. ती कामगारांसमोर ओरडली, "शिवू नकोस त्याला!" दुसरा करंडा आणवला. कुंकू भावाने लावलं. मी शटरबाहेर उभी. आत्या बाहेर आली तेव्हा तो पितळी करंडा माझ्या हातात तसाच होता. ती म्हणाली, "आता तो तूच ठेव." आवाज मऊ होता. तिने तो मला दिला की टाकला, ते मला तेव्हाही कळलं नाही. पुढे विचारीन विचारीन म्हणत राहून गेलं, आणि आत्याही गेली.

"म्हणजे इतकी वर्षं तू त्या करंड्यातून..." शिरीष म्हणाला.

"हो."

"आणि आता हा पोरगा म्हणतो..."

"हो."

शिरीषने चहा ठेवला. अशा वेळी तो चहा ठेवतो.

माझी मुलगी ऋचा वेलिंग्टनला वकील आहे. तिला फोन केला. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. गोष्ट अर्धी झाली तोच ती उसळली. "आई, दॅट्स जस्ट सेक्सिस्ट. यू'र द हेड कोच!" मला बरं वाटलं. मग मी तो मुलगा कोण, कुठला, ते सांगितलं. "ओह," ती म्हणाली. "देन यू हॅव टू रिस्पेक्ट इट."

"अगं, दोन्ही कसं?"

"इट्स कॉम्प्लिकेटेड, आई."

तेवढं मलाही कळत होतं. त्यासाठी वकील कशाला पाहिजे?

माझा घोटाळा असा होता, की नियम पाळायला मी कधी कुरकुर केलेली नाही. जेवणाच्या टेबलावर हेल्मेट ठेवायचं नाही, टेबलावर बसायचं नाही, हे टामाने त्याच्या पहिल्या वर्षी माओरी रीत म्हणून सांगितलं तेव्हा मी त्याच दिवशी सगळ्या टीमला लागू केलं. डोकं पवित्र, अन्न पवित्र, दोन्ही वेगळं ठेवायचं, यात न कळण्यासारखं काय आहे? मग हा एकच नियम का टोचला? माझ्या घरातला नियम मी मोडला आणि त्याचा मला अभिमान आहे. त्याच्या घरातला मोडला तर लाज वाटायला हवी. पण दोन्ही वेळा हात माझाच होता, आणि दोन्ही वेळा मनात नमस्कारच होता. इकडून विचार केला की आत्या चूक, तिकडून केला की मी चूक. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये मी लोकांचे डावे गुडघे सोडून उजवे वाकवत होते.

इलाय सरावाला आला नाही. पोरं माझ्याशी जरा जास्तच अदबीने वागत होती, ते आणखी वाईट. एकाने विचारलं, "कोच, पुढच्या वर्षी स्टिक डे असणार ना?" मी शिट्टी वाजवून त्याला धावायला पाठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात इलाय. बूट काढून आत आला, हातात ती घोंगडी. मी पोहे केले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. त्याने पोहे संपवले, बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी आजोबांशी बोललो."

"काय म्हणाले?"

"आधी विचारलं, उचलून काय केलं तिने? मी सांगितलं, कपाळाला लावली. मग ते खूप वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कट झाला." तो थांबला. "मग म्हणाले, आउट ऑफ बाउंड्स. हू वॉज क्लोझेस्ट?"

हद्दीबाहेर गेली. जवळ कोण होतं?

मला क्षणभर समजेना. मग समजलं. ते स्वतः तरुणपणी कॉलेजकडून खेळलेले होते. हुकलेल्या फटक्याचा तोच भानगडीचा नियम त्यांनी लावला होता. ती काठी आता इलायची राहिली नव्हती. बाहेर गेली तेव्हा तिच्या सर्वांत जवळ मी होते, म्हणून ती माझी.

"ते हसत होते का?" मी विचारलं.

"आय कुड्न्ट टेल. हसताना ते खोकतात. आणि हल्ली नुसतेही खोकतात." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्याला विचारलं असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं. पण काठी यांनी केलीय."

"आणि तुला?"

"नवी करतील म्हणाले." तो घोंगडीकडे बघत होता. "पण त्यांचे हात आता थरथरतात."

तेव्हा माझा राग गेला. कुठे गेला माहीत नाही, पण त्या जागी सरळ वाईट वाटायला लागलं. नियम बरोबर की चूक हा भाग वेगळा. समोर बसलेल्या मुलाची, त्याच्या आजोबांनी केलेली वस्तू माझ्यामुळे त्याच्याकडून गेली होती. मी म्हटलं, "मला नको. तू घेऊन जा. मी कुणाला सांगणार नाही."

"मला माहीत असेल ना," तो म्हणाला.

त्याने घोंगडी उलगडली आणि काठी पुढे केली. मी हात पुढे केले, मग मागे घेतले. तो पहिल्यांदाच हसला. "नाउ यू कॅन, कोच."

शनिवारी आम्ही हरलो. इलाय आला, प्लास्टिकच्या काठीने खेळला आणि एकटा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पळाला. शेवटच्या मिनिटांत आमचा एक फटका हुकला, तसा तो मागच्या रेषेकडे झेपावला, काठी लांब करून जवळ पोचला, चेंडू आम्हाला मिळवून दिला आणि तिथूनच माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. त्यानंतरचा फटकाही हुकला. वेलिंग्टनवाल्यांनी मैदानात उड्या मारल्या. ग्रॅहम त्यांच्या बाजूने बघायला आला होता, त्याने येऊन मला मिठी मारली आणि म्हणाला, "समवन सापडला की नाही अजून?"

हंगाम संपल्यावर इलाय घरी गेला. पुढच्या वर्षी त्याने फोटो पाठवला. नवी काठी. खाली लिहिलं होतं, की लाकूड आजोबांनी निवडलं आणि वाकवलं, पण तासायच्या आधी ते गेले. तासली इलायने. फोटोत जाळीच्या एका बाजूचं काम जरा ओबडधोबड दिसत होतं. म्हणजे आजोबांनी पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेली शेवटची काठी हॅमिल्टनमध्ये माझ्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर आडवी ठेवलेली आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी खूप रडले. शिरीषने चहा ठेवला.

शिट्टी मी टामाला दिली. मंडळातल्या एका वहिनींनी विचारलं, इतकी वर्षं करून मिळालं काय? मिळालं पुष्कळ. देशभर विखुरलेली माझी पोरं आहेत. दूर दुसऱ्या शहरात, बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये एक धिप्पाड माणूस कडेवर बाळ घेऊन मागून "खो!" म्हणून ओरडतो आणि मी दचकून पळायला लागते. स्टिक डे अजून होतो. यंदा टामाने मला बोलावलं. करंडा घेऊन गेले, सगळ्या प्लास्टिकच्या काठ्यांना कुंकू लावलं. आता लावायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, चालेल ना? सगळे हो म्हणतात. घरच्या काठीला कुंकू लावावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका वर्षी लावते, एका वर्षी नुसता नमस्कार करते. ती काठी मला मिळाली की माझ्या हाती टाकून दिली, याचाही उलगडा होत नाही. कपाटावर ती आणि करंडा शेजारी शेजारी असतात, त्यांचं त्यांना माहीत असेल.

परवाची गोष्ट. आमच्या मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. वरची लिंबं हाताला येत नाहीत. मी स्वयंपाकघरातून खिडकीबाहेर बघितलं, तर शिरीष झाडाखाली उभा, हातात ती काठी, आणि जाळीत अलगद एक लिंबू अडकवून तो ते पीळ देऊन तोडायच्या बेतात. उपयोगाच्या दृष्टीने बघाल तर त्यासाठी याहून चांगलं साधन नाही. पण माझ्या तोंडून जी किंचाळी निघाली ती शेजारच्या घरातही ऐकू गेली.

"शिवू नकोस त्याला!"

शिरीष जागच्या जागी थिजला. मीही थिजले, कारण तो आवाज माझा नव्हता. वागळे इस्टेटमधला होता, जसाच्या तसा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आत कुठे बसला होता, देव जाणे.

शिरीषने काठीकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण मला तर चालतं ना?" तो म्हणाला. "मी पुरुष आहे."

त्याचं सगळ्या बाजूंनी बरोबर होतं आणि सगळ्या बाजूंनी चूक होतं. त्याने काठी पुसून आत आणली, दोन्ही हातांनी कपाटावर ठेवली, आणि काय वाटलं कोण जाणे, ठेवताना ती कपाळाला लावली.

तेव्हापासून लिंबं आम्ही स्टुलावर चढून हातानेच काढतो.